पाऊण मिनिटापुढचा पियानो

खंडेनवमीच्या आधीचा शनिवार, पहिली शिफ्ट. हजर: मी, क्वालिटी विभागाची प्रमुख; लिसनिंग रूमच्या ताई; लाइनचे सुपरवायझर भाऊ; मेंटेनन्सचे मिस्त्री; आणि एक नवीन मशीन, ज्याची हजेरी कुठे लावायची हे ठरलं नव्हतं म्हणून मीच इथे लावते आहे. गैरहजर: ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो संगीतकार. त्याला जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे त्याची गैरहजेरी मी माफ केली.

आमची कंपनी चाकणला गाड्यांच्या दरवाज्यात बसणारे स्पीकर बनवते. लाइनच्या शेवटी एक लहान खोली आहे. भिंतींना करडा फोम, जाड दार, आत एक खुर्ची, एक टेबल आणि दोन बटणं, हिरवं आणि लाल. हीच लिसनिंग रूम. प्रत्येक पेटीतला एक स्पीकर इथे येतो, त्यावर संगीताचा एक ठरलेला तुकडा वाजतो आणि खुर्चीत बसलेलं माणूस ऐकून सांगतं, ओके का रिजेक्ट. गोंद कमी पडला, तार सैल राहिली, आत कचरा गेला, की स्पीकर खरखरतो. बाकीच्या जगाला ती खरखर ऐकू येत नाही. ताईंना येते.

तुकडा परदेशातल्या ग्राहक कंपनीने दिलेला आहे. आधी एकटा पियानो, मग मागून व्हायोलिनं, मग खालून कोणीतरी जड कपाट सरकवावं तसा आवाज. सगळं मिळून वर चढायला लागतं, आता काहीतरी मोठं होणार असं वाटतं, आणि कट. पाऊण मिनिट. फाइलचं नाव ‘ट्रॅक चार’. एक, दोन आणि तीनचं काय झालं ते मी इथे आले तेव्हाही कोणाला माहीत नव्हतं. मी चौकशी केली, नोंद केली आणि सोडून दिलं.

आमच्या शेडमध्ये ट्रॅक चार सगळ्यांना पाठ आहे. कँटीनच्या रांगेत लोक तो गुणगुणतात आणि बरोबर त्या जागी थांबतात. लाइनवरच्या एकाने तो आपल्या लग्नाच्या व्हिडिओला लावला. नवरा हार घेऊन हात उंचावतो आणि आवाज बंद. पुढची सगळी लग्नघटिका मुकी आहे. त्याला त्यात काही चुकलंय असं आजही वाटत नाही.

ताई या खोलीत कंपनी भाड्याच्या शेडमध्ये होती तेव्हापासून आहेत. राहायला रहाटणीला. वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात होते आणि ड्युटी संपली की चौदा एप्रिलच्या जयंतीच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. कान तिकडून आला असं ताई सांगतात, आणि डावा गुडघा आईकडून. गुडघा महत्त्वाचा आहे. कारण यंदा ग्राहकाची मेल आली: कानाने तपासणी बंद करायचा विचार आहे. त्याऐवजी मायक्रोफोनवालं मशीन. ते स्पीकरमधून एक शिट्टी खालून वर नेतं, आलेख काढतं आणि स्वतःच हिरवं किंवा लाल होतं. त्याआधी एकाच लॉटवर कान आणि मशीन दोन्ही लावून तुलनेचा अहवाल पाठवा. कान मशीनइतका भरवशाचा ठरला तर एक खुर्ची राहील. नाहीतर खोली बंद. खोली बंद म्हणजे ताई पॅकिंगला, आणि पॅकिंगला पूर्ण शिफ्ट उभं राहावं लागतं. ताईंच्या निवृत्तीला अजून काही वर्षं आहेत. गुडघ्याची निवृत्ती आधीच झाली आहे.

हे मी ताईंना बोलावून सांगितलं. अशा गोष्टी समोरासमोर सांगाव्यात, असं माझ्या यादीत होतं. त्यांनी ऐकून घेतलं.

“बरं. मॅडम, एक विचारू?”

“विचारा ना.”

“पुढं काय होतं हो?”

मला वाटलं, त्या ग्रॅच्युइटीचं विचारतायत. मी फाइल ओढली.

“ते नाही हो. गाण्याचं. एवढी वर्षं ते दारापर्यंत येतं आणि परत जातं. खोली बंद व्हायची असेल तर होऊ दे. पण आत काय आहे ते एकदा कळू दे की.”

मी तो मुद्दा यादीत लिहिला, आग विझवायच्या सिलिंडरांच्या खाली आणि पिण्याच्या पाण्याच्या रिपोर्टच्या वर. एकदा लिहिलं की मला ते करावं लागतं. हा माझा गुण आहे असं ऑफिसात म्हणतात. घरी वेगळं म्हणतात.

ग्राहकाला मेल टाकली, की ट्रॅक चार हे मूळ काय आहे. तक्रार क्रमांक आला. मग दुसरी मेल आली, की आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. मग फोनमधल्या गाणी ओळखणाऱ्या ॲपला तीनदा ऐकवलं. तीन वेगळी उत्तरं मिळाली, त्यातलं एक भोजपुरी होतं. मग आमच्या पिंपळे सौदागरला मेडिकलच्या वर पियानोचा क्लास आहे, तिथे गेले. तिथल्या बाईंनी कान देऊन ऐकलं.

“हे रोमँटिक आहे.”

“म्हणजे प्रेमाचं?”

“नाही हो. एकोणिसाव्या शतकातलं. त्या काळाला रोमँटिक म्हणतात. कॉन्चेर्टो वाटतोय, पियानो एकीकडे आणि सगळा वाद्यवृंद दुसरीकडे.”

“कोणाचा?”

“ते नाही सांगता येणार. मोठ्यांपैकी कोणाचा नाही, एवढं नक्की.”

कॉन्चेर्टोचे बहुधा तीन भाग असतात, मधला संथ, हे त्यांनी सांगितलं. एकटा पियानो काहीतरी म्हणतो, मग पन्नास-साठ माणसं मिळून त्याला खोडून काढतात, मग तो तेच पुन्हा म्हणतो. हे मला लगेच समजलं. प्रॉडक्शन आणि क्वालिटीची सोमवारची मीटिंग अशीच असते.

मोठ्यांपैकी नाही, म्हणजे लहानांपैकी. मी लहानांची यादी केली. कंपनीच्या बसमध्ये, कानात इअरफोन घालून, एकेकाचा कॉन्चेर्टो ऐकायचा आणि नसेल तर काट मारायची. बाहेरगावचे लोक चाकणच्या चौकातल्या ट्रॅफिकला शिव्या देतात, पण त्या चौकात एक पहिला भाग आणि निम्मा संथ भाग आरामात बसतो. कंटेनर आडवा पडला असेल तर तिन्ही भाग. या दिवसांत मी इतके अप्रसिद्ध संगीतकार ऐकले की त्यांच्यासाठी मला वाईट वाटायचंही बंद झालं. सगळ्यांची कथा एकच. लहानपणी हुशार, बापाचा विरोध, छातीचा आजार, आणि कोणातरी मोठ्या माणसाला लिहिलेलं पत्र, ज्याचं उत्तर आलं नाही.

तो सापडला तेव्हा बस चौकातच होती. पियानो, व्हायोलिनं, जड कपाट, चढ. माझा हात सवयीने पर्सच्या चेनकडे गेला, कारण कट झालं की पुढचं काम. कट झालंच नाही.

त्याचं नाव मी लिहीत नाही. या लेखात कोणाचंच नाही, आणि त्याचं लिहून कोणाला काही कळेल अशातला भाग नाही. लहान शहरातला बँडमास्तर होता. आयुष्यात एकच कॉन्चेर्टो लिहिला, तो एकदा वाजला, आणि मग त्याने उरलेली वर्षं मुलांना सूर शिकवण्यात घालवली. त्याच्या कॉन्चेर्टोचा पाऊण मिनिटाचा तुकडा चाकणला रोज शेकडो वेळा वाजतो, हे त्याला कळलं असतं तर त्याने काय केलं असतं? मला वाटतं, त्याने उरलेल्या मिनिटांचं काय, असं विचारलं असतं.

आता त्या शनिवारकडे येते. तुलनेची चाचणी त्या दिवशी ठेवली, कारण पूजेच्या साफसफाईसाठी लाइन बंद होती. माणसं पत्र्यांवरचं ऑइल पुसत होती. चाचणीचा लॉट ठरलेला होता. त्या आठवड्यात गोंद नवीन कंपनीचा आला होता, म्हणून तोच लॉट घेतला. सकाळी मशीनने तो तपासला. सगळे हिरवे. मग ताई बसल्या. ट्रॅक चारवर सगळे ओके. बरोबरी.

मी म्हणाले, “ताई, तुमचं गाणं सापडलंय. पूर्ण आहे. चाचणी झाली की लावते.”

“मग चाचणीच त्याच्यावर करू की. अर्ध्यावर तपासून काय कळणार?”

सुपरवायझर भाऊ दारात उभे होते. चिखलीच्या जुन्या घरातले, बोलणं अजून गावचं. “ताई, पूर्न गाण्याला अर्धा तास लागंल. लाइन काय झोपंल व्हय?”

“लाइन झोपलेलीच आहे भाऊ,” मिस्त्री म्हणाले. ते मशीनच्या वायरी बांधत होते. “सगळे फडके मारतायत. लावा मॅडम. आम्हीपण ऐकू, ईद झाल्यापासून काही नवीन ऐकलं नाही.”

मी परवानगी दिली आणि कागदावर ‘विस्तारित तपासणी’ असं लिहिलं. एखाद्या गोष्टीला नाव दिलं की ती नियमात बसते.

दार बंद करून आम्ही चौघं त्या खोलीत उभे राहिलो, म्हणजे तिघं उभे आणि ताई बसलेल्या. पियानो, व्हायोलिनं, कपाट, चढ. आणि ठरलेल्या जागी ताईंचा हात हिरव्या बटणाकडे गेला, भाऊ पुढचा स्पीकर उचलायला वळले, मी बरोबरची खूण केली. संगीत चालूच राहिलं. तिघंही होतो तिथे थांबलो, चोरी करताना दिवे लागावेत तसे.

“अरे, हे तर चालूच आहे,” मिस्त्री म्हणाले. फक्त ते खोलीत रोज नसतात.

पुढे काय होतं, ते सांगते, कारण ताईंनी एवढी वर्षं वाट पाहिली. पुढे फारसं काही होत नाही. तो मोठा चढ वर जातो आणि हळूच खाली उतरतो, आणि पियानो पहिलीच ओळ पुन्हा म्हणतो.

“येवढा घाट चढला,” भाऊ म्हणाले, “आन वर चहाची टपरी बी न्हाई?”

“गप ऐका हो,” ताई म्हणाल्या.

खरी गंमत दुसऱ्या भागात आहे. तो संथ आहे आणि त्यात त्याने कोणावर छाप पाडायचा प्रयत्न सोडून दिला आहे. पियानो एकेक सूर ठेवतो, स्वयंपाक झाल्यावर ओट्यावर भांडी उपडी घालावीत तसा, सावकाश, आवाज न करता. ताईंनी डोळे मिटले. मग त्यांच्या कपाळावर आठी आली, आणि त्यांनी लाल बटण दाबलं.

“खरखर आहे.”

“कुठे?”

“पियानो एकटा राहतो तिथं. खाली. परत लावा.”

परत लावलं. आता मलाही आली. खोलवर, घशातल्यासारखी, सुरांच्या खालून. स्पीकर बदलला. त्यातही. दुसरी पेटी, तिसरी पेटी. सगळ्यांत.

“गोंद,” भाऊ म्हणाले. “म्या सांगितलं व्हतं, नवा गोंद लगेच घ्यायचा न्हाई.”

आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. एकाच्याही डोक्यात दुसरी शक्यता आली नाही. आमच्या धंद्यात आवाज खराब असेल तर स्पीकर खराब असतो. संगीत कायम चांगलंच असतं, कारण ट्रॅक चार स्वच्छ आहे आणि आम्हाला दुसरं संगीत माहीतच नव्हतं. मी पूर्ण लॉटला लाल टॅग लावला, म्हणजे लॉट होल्डवर, जाळीच्या पिंजऱ्यात. तिसरा भाग ऐकायचा कोणाला सुचलाही नाही.

आणि मशीनने तोच लॉट पास केला होता. याचा अर्थ सगळ्यांच्या लक्षात एकदम आला.

“मशीन गेलं कामातनं!” भाऊंनी टेबलावर थाप मारली. “ताई, खुर्ची पक्की. पेढे काढा.”

“असं नका बोलू, नवीन आहे बिचारं,” मिस्त्री म्हणाले आणि मशीनच्या वायरी आणखी घट्ट बांधल्या.

मीही खूश होते. माझी खुशी म्हणजे अहवालातल्या एका वाक्याखाली रेघ: कानाने पकडलेला दोष मशीनने पकडला नाही. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तो मधला भाग माझ्या फोनवर पाठवा ना मॅडम. घरी बघते.” मी पाठवला.

रविवारी सकाळी मी डाळींचे डबे पुसून परत नावं चिकटवत होते, तेव्हा फोन आला.

“मॅडम, ती खरखर आपली नाहीये.”

“म्हणजे?”

“मुलीच्या इअरफोनमध्येपण येतीये. मी तीनचारदा लावलं. ती खरखरच नाही हो. तो वाजवणारा माणूस आहे ना, तो गुणगुणतोय. स्वतःशीच.” आणि त्या हसायला लागल्या. “सूरपण नाही लागत त्याचा! हात एवढा गोड आणि गळा बघा. माझे वडील असंच करायचे ढोलकीवर. आई म्हणायची, अहो, तोंड मिटून वाजवा.”

मी तूरडाळीच्या डब्यावर मसूर चिकटवली. इअरफोन शोधले, ऐकलं. होता. पियानोच्या मागे एक माणूस, बेसूर, मनापासून. काल तो गोंद होता. आता तो माणूस झाला आणि पुन्हा गोंद होईना.

“ऐकला का?”

“ऐकला.”

“म्हणजे लॉट ओके आहे. उद्या टॅग काढा.”

“ताई, याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला?”

“कळतोय की. पॅकिंग.”

“हे कोणालाही कळलं नसतं. दुसरा भाग आपल्याशिवाय कोण ऐकतंय?”

“मग काय करू, चांगला माल अडवून ठेवू? लिसनिंग रूमच्या दारावर तुम्हीच पाटी लावलीय, ओके माल रोखणं हाही दोष. दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असती ती.” मग म्हणाल्या, “पण मॅडम, गाणं चांगलंय हो. पहिल्यापेक्षा दुसरं चांगलंय. उगीच पहिलं दिलं त्यांनी आपल्याला.”

सोमवारी भाऊंना सांगितलं.

“मॅडम, रविवारी फोन उचलायचाच कशाला?”

“ताईंनी स्वतः सांगितलं, भाऊ.”

“ताई काय, तिला खरं बोलायची खोड हाय. तुमाला बी तीच? आमी कुनाकडं बघावं?”

खंडेनवमीला सगळ्या मशीनांची पूजा झाली. नव्या मशीनला भाऊंनी हार घातला, जरा तोंड वाकडं करूनच. ताई पूजेला हात जोडत नाहीत, पण दरवर्षी तोरणं त्याच बांधतात, कारण बाकीच्यांची वाकडी होतात. या वर्षीही त्यांनीच बांधली, नव्या मशीनवरचंही.

अहवाल मी लिहायला घेतला. ग्राहकाच्या भाषेत ताईंनी ‘चुकीचा नकार’ दिला. ते खरं आहे. पण त्यांनी जे ऐकलं ते तिथे होतं, हेही खरं आहे. मशीनला तो माणूस ऐकू येणं शक्य नव्हतं, कारण मशीन शिट्टी सोडून दुसरं काही ऐकतच नाही. न ऐकण्याचे त्याला पूर्ण गुण मिळाले. मग ही तुलना झाली का? एकाने पेपर लिहिला, दुसऱ्याला वेगळा पेपर दिला, आणि आपण दोघांचे गुण शेजारी शेजारी मांडले. हे वाक्य मी अहवालात लिहिलं, मग खोडलं, मग थोडं सौम्य करून पुन्हा लिहिलं. शेवटी एक ओळ घातली: चाचणी सदोष, पुन्हा घेणे आवश्यक. वाचून मला बरं वाटलं. नियमात बसणारं आणि मनासारखं, असं एकाच ओळीत माझ्या नोकरीत फार वेळा आलेलं नाही.

चाचणी पुन्हा घ्यायची तर तोच लॉट लागतो. तोच लॉट हवा तर तो होल्डवर राहायला हवा. आणि लॉट होल्डवर आहे तोवर चाचणी पूर्ण नाही, चाचणी पूर्ण नाही तोवर खोली बंद करता येत नाही. डिस्पॅचवाला रोज फोन करतो.

“मॅडम, तो पिंजऱ्यातला माल कधी सोडताय?”

“फेरतपासणी बाकी आहे.”

“तारीख सांगा ना.”

“कळवते.”

दुसऱ्यांची प्रलंबित कामं मी सोमवारी मीटिंगमध्ये पडद्यावर लाल रंगात दाखवते. हे काम आता त्या यादीत सगळ्यांत जुनं आहे, आणि त्याच्यापुढे माझं नाव आहे. लोक ते वाचतात आणि खिडकीबाहेर बघतात. ताईसुद्धा रोज पिंजऱ्यावरून जाताना विचारतात.

“मॅडम, टॅग?”

“बघते आज.”

“काल पण आजच म्हणालात.”

आणि आत जाऊन खुर्चीत बसतात. दार लागतं.

लॉट ओके आहे. ताईंनी सांगितलंय, मी ऐकलंय, मशीनला तर आधीपासूनच माहीत होतं. लाल टॅग काढायला माझी एक सही लागते. ती करायची राहिली आहे.